आयतं ताट, हौसेचा केक

रविवारी सकाळी पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर ‘वैशाली’बाहेर माणसं नाव सांगून उभी असतात. डेक्कनला ‘गुडलक’मध्ये बन-मस्का आणि चहा चाललेला असतो. मुंबईत माटुंग्याला ‘कॅफे मद्रास’च्या फुटपाथवरही असंच चित्र. कोणाचा वाढदिवस नाही, कसला सण नाही. इडली, डोसा, उपमा, कॉफी. यातलं बरंचसं घरीही होतं. तरी माणसं उन्हात उभी राहतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर वैताग नसतो.

या गर्दीत मी एक गोष्ट नेहमी बघते. टेबलावर खाणं आलं की घरातल्या बाईचे हात काय करतात?

बहुतेक वेळा ते आधी दुसऱ्यांसाठी हलतात. मुलाच्या डोशाचे तुकडे होतात. सासूबाईंच्या पुढे चटणीची वाटी सरकते. कोणाला पाणी हवं, कोणाला चमचा हवा, हे तिला न विचारता कळतं. मग थोड्या वेळाने तिच्या ध्यानात येतं की इथे वाढायचं काम दुसऱ्या कोणाचं तरी आहे. हात थांबतात. ती आपल्यासमोरच्या ताटलीकडे बघते. डोसा अजून गरम असतो. ती पहिला घास घेते. त्या घासानंतर तिला उठायचं नसतं.

फार साधी गोष्ट आहे. इतकी साधी की ती दिसत नाही.

रोजच्या स्वयंपाकाला सुटी नसते. आजारपणात थोडी सूट मिळते, तीही वरण-भातापुरती. स्वयंपाक करताना हात थकतात हे सगळे मान्य करतात. पण हातांच्या आधी डोकं थकतं. कालची भाजी किती उरली. डब्याला काय द्यायचं. कणीक किती भिजवायची. दूध आज तापवलं का. संध्याकाळी कोण येणार आहे, त्यांना लसूण चालतो का. या हिशोबाला वही नसते. तो चोवीस तास मनात उघडाच असतो.

आणि गरम पोळी. तव्यावरून थेट ताटात पडणारी पोळी हे आपल्याकडचं मोठं सुख आहे. पण ती ज्याच्या ताटात पडते तो बसलेला असतो आणि जी टाकते ती उभी असते. ती बसते तेव्हा तवा निवलेला असतो. अजूनही कितीतरी घरांत हे असंच चालतं. यात कोणाचा दुष्टपणा नाही. म्हणूनच ते बदलायचं कोणाला सुचत नाही.

बाहेर खाण्याला आपण चैन म्हणतो. पैशाच्या बाजूने ते खरंही आहे. पण जी रोज रांधते तिच्या बाजूने बघितलं तर ती चैन नाही. ती विश्रांती आहे. पदार्थ कोणता, याला फारसं महत्त्व उरत नाही. मी अशा बायका पाहिल्या आहेत ज्या हॉटेलात जाऊन साधा भात-आमटीच मागवतात. घरच्यांना नवल वाटतं. एवढं लांब येऊन भात-आमटी? पण तो भात त्यांनी लावलेला नसतो. त्या आमटीला फोडणी कधी बसली हे त्यांना माहीत नसतं. जे आपल्या डोक्यातून गेलेलं नाही ते खाणं, हेच त्यांना हवं असतं.

असं सहज बाहेर जाऊन खाणं आपल्याकडे सहज आलेलं नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता मान राखला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य म्हणजे जातिबहिष्काराचं वादळ माजलं. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. एका पेल्यातला चहा आणि एक भाजलेलं बिस्किट. एवढ्यावरून त्या काळचं पुणं ढवळून निघालं.

मला त्या प्रसंगातल्या पुरुषांपेक्षा त्यांच्या घरच्या बायकांचा विचार जास्त येतो. बहिष्कार सभेत ठरतो, पण तो स्वयंपाकघरात पोचतो. श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाहीत. हळदीकुंकवाला कोणी येत नाही. चहा घेतला कोणी, आणि निभावलं कोणी?

त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत मुंबई किती बदलली बघा. धोबी तलावाला ‘कयानी’ १९०४ मध्ये सुरू झालं. इराणातून आलेल्या झरतुष्ट्री माणसांनी अशी हॉटेलं नाक्यानाक्यावर थाटली. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चहा, ब्रुन, खारी. दादरला मामा काणे यांनी १९१० मध्ये उपाहारगृह काढलं आणि पाटीवर ‘स्वच्छ’ हा शब्द घातला. पुढे उडुपीकडची माणसं माटुंग्यात आली. गिरणीत, गोदीत, कचेरीत काम करणाऱ्या माणसाला घर लांब होतं आणि भूक जवळ होती. जे पुण्यात पाप होतं ते मुंबईत गरज झालं. गरजेपुढे सोवळं फार काळ टिकत नाही.

सगळ्यांसाठी मात्र ते दार एकदम उघडलं नाही. काही माणसांना कप वेगळा ठेवला जाई. तो बाहेर, वळचणीला. स्वतःचा स्वतः धुवायचा. म्हणून २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली तेव्हा तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं आणि विहिरी आहेत, तसंच सार्वजनिक उपाहारगृहही आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथे कोणाला मज्जाव करता येणार नाही. देशाच्या घटनेत हॉटेलाचा उल्लेख आहे हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्याच ओळीवर थांबले. एका टेबलावर बसून चहा पिता येणं, ही गोष्ट लिहून ठेवावी लागली होती.

म्हणून गर्दीच्या वेळी वेटर एखाद्या अनोळखी माणसाला आपल्या टेबलावर आणून बसवतो, तेव्हा मला ते आवडतं. काहींना खटकतं. मला आवडतं. समोरच्याचं आडनाव आपल्याला माहीत नसतं. तो मिसळ खातो, आपण उपमा खातो. तो सांबाराची वाटी किंचित आपल्या बाजूला सरकते म्हणून मागे घेतो. आपण पाण्याचा जग त्याच्याकडे ढकलतो. एवढाच संबंध. मग तो बिल देऊन उठतो आणि ओळख न होता ओळख संपते. या एवढ्याशा गोष्टीसाठी पाऊणशे वर्षांपूर्वी कायदा करावा लागला, आणि आज ती कोणाच्या लक्षातही येत नाही. हे किती चांगलं आहे.

बायकांचंही असंच. जुन्या इराण्यांत आणि उडुप्यांत ‘फॅमिली रूम’ असे. लाकडी पार्टिशन, कुठे पडदा, कुठे अर्धा माळा. बाई हॉटेलात आली तर ती तिथे, आणि तीही कोणाबरोबर. रस्त्याकडेच्या टेबलाशी एकटी बसलेली बाई म्हणजे लोकांच्या बघण्याचा विषय. आज सकाळी कामावर जाणारी मुलगी एकटी बसून कॉफी पिते, खिडकीतून बाहेर बघते, उठते आणि जाते. कोणी मान वळवत नाही. निदान मोठ्या शहरांत तरी नाही. तिच्या आजीला हे मिळालं नव्हतं.

आता या आयत्या ताटाची दुसरी बाजू. ते माझ्यासाठी आयतं असतं. कोणासाठी तरी ते रोजचं काम असतं. आत भटारखान्यात कोणीतरी पहाटे चारला उठून वाटण केलेलं असतं. गिरणगावात तर खाणावळी बायकाच चालवत. गावी बायका-मुलं ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना त्या दोन वेळचं जेवण घालत. एका खोलीत संसार, आणि त्याच खोलीत पंगत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तोवर या बायका सावकाराच्या व्याजाखाली होत्या. मंडळामुळे बँकेचं दार त्यांना उघडलं. घरात जे काम बिनमोल होतं त्याला तिथे मोल मिळालं. स्वयंपाक तोच, कष्ट तेच. पण महिनाअखेर हातात पैसे आणि बँकेच्या पुस्तकावर स्वतःचं नाव.

म्हणून हॉटेलातून निघताना आत डोकावून एक शब्द बोलावासा वाटतो. आज सांबार छान होतं. टोपी घातलेला मुलगा दचकून बघतो. त्याला असं कोणी सांगत नसतं. घरातही आपण सांगत नाही, हे मग आठवतं.

पार्सलचं मात्र वेगळं आहे. आता दारात पिशवी येते. सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण पार्सल आलं की ते उघडायचं कोणी? भांड्यांत काढायचं कोणी? थंड झालेलं गरम करायचं, ताटं मांडायची, कचरा वेगळा करायचा, भांडी विसळायची. स्वयंपाक वाचतो, स्वयंपाकघर वाचत नाही. ज्या विश्रांतीविषयी मी बोलते आहे ती त्या पिशवीतून येत नाही. त्यासाठी उंबरठा ओलांडावा लागतो.

आणि मग ही एक गंमत वाटण्यासारखी गोष्ट. जी बाई रोजच्या स्वयंपाकाला कंटाळून बाहेर जाते, तीच बाई एखाद्या दुपारी, कोणी सांगितलेलं नसताना, मैदा चाळायला घेते.

घरी पोळी नसेल तर विचारतात. केक नसेल तर कोणी विचारत नाही. केक, नानकटाई, बिस्किटं यांची कोणाला गरज नसते. त्यांच्यावाचून कोणी उपाशी राहत नाही. आणि म्हणूनच ती करताना हात वेगळे चालतात. रोजच्या कामात जे हात घड्याळ बघून हलतात, ते इथे सावकाश होतात.

माझ्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता. आमच्या आळीत कोणाकडेच नव्हता. पण नानकटाई व्हायची. परीक्षा संपल्या की, किंवा दिवाळीच्या आधी. मैदा, पिठीसाखर, तूप, थोडं बेसन, वेलदोड्याची पूड, असं सगळं डब्यांतून घेऊन बेकरीत जायचं. पहाटेचे पाव तोवर भट्टीतून निघून गेलेले असत. लाकडं विझलेली, पण विटा तापलेल्या. पावाला जी झळ लागते ती नानकटाईला सोसत नाही. तिला ही उतरती आच हवी. बेकरीचा धंदा पहाटेच्या आगीवर चाले, आणि मागे उरलेल्या उबेवर गावातल्या घरांची हौस होई.

आई परातीत तूप आणि साखर तळहाताने फेसायची. पिवळसर तूप पांढरं व्हायला लागे. हलकं होई. फेसताना त्यात हवा शिरते, आणि तीच हवा भट्टीत प्रसरण पावून नानकटाईला खुसखुशीत करते. मग मैदा. मैदा घातल्यावर मात्र मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. फार मळलं तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि नानकटाई चिवट होते. आईला हे शब्द माहीत नव्हते. ‘आता हात हलका ठेव,’ एवढंच ती म्हणे. त्या चार शब्दांत सगळं शास्त्र होतं.

बेकरीवाला काळे पत्रे द्यायचा. गोळे मांडायचे, मध्ये चारोळी किंवा पिस्त्याचा काप दाबायचा, गोळ्या-गोळ्यांत अंतर ठेवायचं कारण ते पसरतात. प्रत्येक घराच्या पत्र्यावर चिठ्ठी. मग लांब दांड्याच्या फावड्यावर पत्रा चढे आणि त्या अंधाऱ्या तोंडातून आत जाई. बाहेर बाकावर आळीतल्या बायका बसलेल्या असत. मला आठवतं ते त्यांचं बसणं. घरी त्या बसलेल्या दिसत नसत. इथे करण्यासारखं काहीच उरलेलं नसे. आपलं पीठ दुसऱ्याच्या आगीत होतं. त्या बोलत, हसत, एकमेकींच्या तुपाविषयी शंका घेत. तो अर्धा-पाऊण तास त्यांचा होता.

भाजणं हा आपल्याला परका प्रकार आहे असं उगाच समजतात. कोकणात तवसळी होत आलेली आहे. मोठी तवसं किसायची, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं घालायचं, आणि पातेलं चुलीवर चढवून झाकणावर निखारे ठेवायचे. खालून आच, वरून आच. ओव्हन म्हणजे याहून वेगळं काय असतं? गोव्याची बेबिंका तर आणखी धीराची. नारळाचं दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर, मैदा, तूप, जायफळ. एक थर ओतायचा, वरून आच द्यायची, तो लालसर झाला की वर तूप आणि दुसरा थर. आधीचा झाल्याशिवाय पुढचा घालता येत नाही. सात थर करायचे तर दुपार जाते. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात आणि गोड तेवढं उरतं, बेबिंका उरत नाही.

मग घरोघर ॲल्युमिनियमचे गोल ओव्हन आले, झाकणाला काच असलेले. ते नव्हते तिथे कुकर होता. शिट्टी काढायची, रबर काढायचं, तळाला वाळू किंवा मीठ पसरायचं, वर ताटली, ताटलीवर केकचं भांडं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि वाटी-चमच्याची मापं मराठी स्वयंपाकघरांत पोचली. नव्या संसारातल्या मुलीला त्या मापांचा मोठा आधार होता.

कारण पोळी अंदाजाने होते. केक मापाने होतो. आमटीत मीठ कमी पडलं तर नंतर घालता येतं. केक एकदा आत गेला की आपला अधिकार संपला. खाण्याचा सोडा दह्याला लागला की त्यातून वायू सुटायला लागतो, म्हणून पीठ कालवून ठेवून फोनवर बोलत बसता येत नाही. ओव्हन आधी १८० अंशांवर तापलेला हवा. आणि पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही. तोवर फुगलेल्या पिठाला घट्टपणा आलेला नसतो. बाहेरची गार हवा लागली तर ते मध्यभागी बसतं.

मला या वीस मिनिटांचं फार अप्रूप आहे. रोजच्या स्वयंपाकात असा वेळच नसतो. एका शेगडीवर भाजी, दुसरीवर भात, मध्ये कोशिंबीर. सारखं ढवळायचं, झाकायचं, उतरवायचं. सगळं माझ्या हालचालीवर चाललेलं. इथे माझं काम झालेलं असतं आणि पदार्थ मात्र झालेला नसतो. आत काय चाललंय त्यात मला हात घालता येत नाही. काचेतून बघता येतं. पीठ कडेने वर येतं, मग मध्ये येतं, मग वरचा रंग बदलतो. वास आधी स्वयंपाकघरात, मग बैठकीत, मग जिन्यात. केक लपवून करता येत नाही. शेजारच्या मुलाला कळतं.

कळायलाच हवं. एकट्यासाठी कोणी केक करत नाही. पोळ्या मोजून होतात, माणशी तीन. केक तसा मोजता येत नाही. तो कापताना चार तुकडे जास्तच निघतात, आणि ते कोणाच्या तरी घरी जातात. डिशवर दुसरी डिश उपडी घालून. ती डिश काही दिवसांनी परत येते तेव्हा तिच्यात काहीतरी असतं. ओल्या नारळाच्या दोन वड्या, किंवा झाडाची चार लिंबं. डिश रिकामी पाठवू नये असं कोणी शिकवलेलं नाही, आणि तरी ती रिकामी येत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हॉटेलांचे दरवाजे बंद झाले. महाराष्ट्रात बसून खाण्यासाठी ते उघडले थेट ऑक्टोबरमध्ये. या मधल्या महिन्यांत घराघरांत केक झाले. ज्यांनी कधी कणीक मळली नव्हती अशा मुलांनी पाव भाजले. बापांनी बिस्किटं केली. मला त्याचा आनंद झाला होता, अजूनही आहे. पुरुषांनी स्वयंपाकघरात यायला ते एक चांगलं दार होतं.

पण त्या दिवसांत मी आणखीही एक पाहिलं. केक करणारा एक असे आणि ओटा पुसणारी दुसरी. मैद्याने माखलेली भांडी, तुपकट पातेली, साखरेचा चिकटा, हे सगळं सिंकमध्ये पडे. घरकामाच्या बाई येत नव्हत्या. बाहेरचं ताट बंद झालेलं, तीन वेळा सगळे घरात, आणि वर ही हौसेची भांडी. जी रोज रांधत होती तिची विश्रांती दोन्हीकडून गेली. हौसेची भांडी हौसेने घासली तरच ती हौस. नाहीतर ती दुसऱ्याच्या कामात भर.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. या दोन सुखांचा पाया कुठे आहे ते मला त्या दिवसांत दिसलं, म्हणून लिहिते. आयतं ताट हे तेव्हाच सुख असतं जेव्हा रोज वाढणाऱ्याला ते मिळतं. आणि केक तेव्हाच हौसेचा असतो जेव्हा तो न करण्याची मोकळीक असते. आजकाल कितीतरी बायका घरून केकच्या ऑर्डरी घेतात. चार पैसे मिळतात, नाव होतं, मला त्यांचा अभिमान वाटतो. पण त्यांतली एक मला म्हणाली होती, ‘ऑर्डर नसलेल्या दिवशी मी घरच्यांसाठी साधा रव्याचा केक करते. वर क्रीम नाही, नाव नाही, काही नाही.’ तिला तो का करावासा वाटत असेल, ते मला लगेच समजलं.

बाहेर खाल्लं की मनाला एक टोचणी लागते. पैसे गेले, तेलकट झालं, घरी दोन भाकऱ्या झाल्या असत्या. केक केला तरी तेच. किती तूप, किती साखर. या टोचणीला मी फार महत्त्व देत नाही. रोज रोज हॉटेलात खाणाऱ्याला हॉटेलाची चव राहत नाही, आणि रोज केक खाणाऱ्याच्या जिभेवर नुसतं गोड उरतं, हे खरं आहे. अधूनमधून आहे तोवरच ते चांगलं आहे. पण जी बाई वर्षभर दुसऱ्यांच्या पचनाची, पथ्याची, आवडीची काळजी वाहते, तिने महिन्यातून एका सकाळी मसाला डोसा खाल्ला आणि एका दुपारी लोणी फेसलं, तर त्यात हिशोब मागण्यासारखं काही नाही. तिने तो आधीच चुकता केलेला आहे.

पुण्यात कॅम्पमध्ये ‘कयानी बेकरी’ १९५५ पासून श्रूजबेरी बिस्किटं विकते. तिथल्या रांगेत म्हातारी माणसंही उभी असतात. डॉक्टरांनी मना केलेली. ती मुख्यतः नातवंडांसाठी घेतात. पण पुडा हातात आला की त्यातला एखादा अजून उबदार तुकडा मोडून तोंडात टाकतात. मी त्यांना कधीच चुकीचं मानलेलं नाही.

तुमच्या घरी रोज कोण रांधतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आई असेल, बायको असेल, कुठे बाबा असतील, कुठे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी असतील. आज त्यांना विचारा, तुम्हाला कुठे जाऊन काय खावंसं वाटतं. आणि केक करावासा वाटला तर मैदा मी आणतो, भांडीही मी घासतो, असं सांगा. उत्तर लगेच येणार नाही. ‘मला काहीही चालेल’ असं म्हणतील. हा प्रश्न त्यांना फारसा कोणी विचारलेला नसतो, म्हणून सुचायला वेळ लागतो. तेवढा वेळ थांबा.